भिंतीपासून हलवलेलं टेबल

माझे यजमान सेलूजवळच्या सबस्टेशनवर ऑपरेटर होते. त्यांचं टेबल भिंतीला टेकून असे आणि भिंतीपलीकडे मोठा ट्रान्सफॉर्मर. त्याच्या घुमण्याची इतकी सवय झाली होती की घरी आल्यावर त्यांना सुनंसुनं वाटे.

ताप हटेना, जिना चढताना दम लागू लागला, तेव्हा औरंगाबाद गाठलं. विद्यापीठाच्या नामांतरावरून पुकारलेल्या बंदमुळे एसटी उभ्या होत्या, रेल्वेने गेलो. रक्ताचा कर्करोग निघाला. सावकाश वाढणारा, गोळ्यांनी आवरता येणारा. पण अंगातलं रक्त फार कमी झालं होतं, ते ताबडतोब द्यायला हवं होतं. निरोप मिळताच त्यांचे सोबती आले आणि बाह्या वर करून रांगेत बसले.

"आता तुमच्या अंगात अर्ध्या सबस्टेशनचं रक्त हाय," एक जण म्हणाला. "तुमाला शॉक बसला तर आमाला बी बसल."

"मग फ्यूज नीट बांधत जा," हे पडल्या पडल्या म्हणाले. सगळे हसले, आणि मला पहिल्यांदा धीर आला.

घरी सोडण्याआधी मी डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून नेले. औषधं, पथ्य, तपासण्या झाल्या. शेवटी विचारलं, "हे कामामुळे झालं का?"

"वीज वाहते तिथे विद्युतचुंबकीय क्षेत्र असतं," डॉक्टर म्हणाले. "रोज त्यात काम करणाऱ्यांना हा आजार जास्त होतो का, यावर परदेशात अभ्यास चालू आहे. काहींना संबंध दिसतो, काहींना नाही. त्यामुळेच झाला असं मी म्हणणार नाही. त्यामुळे नाहीच, असंही म्हणणार नाही."

त्यांनी खोटा दिलासा दिला नाही, याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे.

पण यांना त्याच खुर्चीवर परत जायचं होतं आणि मला ते नको होतं. ऑफिसात बदली मागा म्हटलं, तर म्हणाले, "आणि माझ्या जागी बसेल त्याचं काय?" मग बदलीचा विषय सोडला. मी सरळ सबस्टेशनवर जाऊन त्यांच्या साहेबांना डॉक्टरांचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं.

"म्हंजे पक्कं काईच न्हाई," तिथला ऑपरेटर म्हणाला.

साहेब त्याच्याकडे वळले. "लाईन बंद हाय का चालू, ठाऊक नसल्यावर आपण काय धरतो?"

"चालू."

"मग? उचल टेबल."

दोघांनी टेबल खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दारापाशी नेलं. अंतर वाढलं की क्षेत्राचा जोर झपाट्याने कमी होतो, असं साहेबांनी सांगितलं, आणि त्या भिंतीशी विनाकारण बसायचं नाही, असं सगळ्यांनाच बजावलं. अडचण एकच होती: दर तासाला त्या भिंतीवरच्या मीटरचे आकडे टिपायला आता उठून जावं लागणार.

"वहिनी, तुमच्यापायी आमाला चालायला लागायलंय," ऑपरेटर कुरकुरला.

"चाला की. पोट बघा जरा," मी म्हणाले.

आजार कशाने आला ते आम्हाला कधीच कळलं नाही. त्यानंतर यांनी बरीच वर्षं नोकरी केली, एवढं मात्र खरं. परत कामावर गेले त्या दिवशी घरी येऊन जेवायला बसले. आजारपणात अर्धी भाकरीही जात नसे.

"पाय लय दुखायलेत," म्हणाले, अख्खी भाकरी संपवली आणि ताट पुढे केलं.

मी तव्यावरची गरम वाढली.