मी पायाळू नव्हतो

हे मी घरी बोललेलो नाही, कॉलेजातल्या कोणाशी तर नाहीच. तुमच्याशी बोलतोय, कारण तुम्ही मला उद्या तलासरीच्या नाक्यावर भेटणार नाही.

एक गोष्ट आधी मान्य करून टाका — मी माझ्या कामात पक्का आहे. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात कुठला खडक किती खोल गेलाय, कुठे तडकलाय, कुठल्या फटीत पाणी आहे, हे मी चार विहिरी आणि एक नाला बघून सांगतो. मी दाखवलेले बहुतेक बोअर लागतात. बढाई म्हणा हवं तर. बढाई मारण्याजोगं माझ्याकडे तेवढंच आहे.

२०१४ साली मी पुण्याहून भूगर्भशास्त्राचं एम.एस्सी. करून डहाणूजवळच्या आगरला, घरी परत आलो — डोक्यावर तीन लाखांचं शैक्षणिक कर्ज घेऊन. एका कॉलेजात तासिकेवर शिकवायला लागलो. महिन्याचे आठ-नऊ हजार, सुट्टीत शून्य. आणि बँकेचा हप्ता? त्याला कुठली आलीय मे महिन्याची सुट्टी?

म्हणून बोअरसाठी जागा दाखवायची कामं धरली. एका चिकूवाडीच्या मालकाला मी चांगला रंगीत नकाशा काढून दिला. त्याने तो उलटा धरून बघितला, मला चहा पाजला आणि विचारलं, “पायाळू हाय का तू?” पायाकडून जन्मलेल्या माणसाला जमिनीखालचं पाणी कळतं, अशी आपल्याकडे समजूत. माझी आई सांगते, मी सरळ डोक्याकडून आलो, सुईणीला फार त्रासही दिला नाही. मी काय म्हणालो असेन? — “हो.”

नकाशा पिशवीत गेला, तळहातावर नारळ आला. जागा मी खडक बघून आधीच ठरवलेली असायची. तिथे पोचलो की तळहाताला हळूच बाक द्यायचा, आडवा नारळ उभा राहतो — लोकांच्या लेखी खाली पाणी असल्याची खूण. लोक दोन पावलं मागे सरकायचे. पाणी भूगर्भशास्त्राने लागायचं, पैसे नारळाचे मिळायचे — एका जागेचे दोन हजार. उन्हाळ्यात तर दम घ्यायला फुरसत नसे. अडीच वर्षांत कर्ज फिटलं. या लबाडीचं मला फारसं वाईट वाटत नाही, खरंच सांगतो. पाणी तर खोटं नव्हतं.

सांगायचंय ते याच्या पुढचं — आणि मी उगाच नारळाभोवती फिरतोय.

माझ्या वर्गात सुनीता होती, तलासरीच्या पूर्वेकडच्या डोंगराळ गावातली. घरची भात-नाचणीची थोडी शेती. पोरगी अशी, की दगड हातात घेतला की माझ्या आधी त्याचं नाव सांगायची. तिला एम.एस्सी. करायचं होतं, चार लाखांच्या कर्जावर, आणि सही वडिलांची लागणार होती. २०१७ च्या उन्हाळ्यात त्यांनी मला मुद्दाम घरी बोलावलं. कर्ज झेपेल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. ओट्यावर बसून मी कागदावर दोन रकाने आखले — एकात हप्ता, दुसऱ्यात या शिक्षणावर होणारी कमाई. त्या दुसऱ्या रकान्यात मी काय लिहिलं? माझे तासिकेचे पैसे, त्यात नारळाचे मिळवलेले, आणि वर एकच शब्द — पगार.

“सर, तुमचा लोन डिग्रीवरच फिटला ना?” वडिलांनी विचारलं.

“डिग्रीवरच,” मी म्हणालो.

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? ओट्यावरचा सर गेला असता, हातावर नारळ घेतलेला एक माणूस उरला असता. बस — तेवढ्यासाठी. आणि पाणी बघायला बाईला कोणी बोलावत नाही, पायाळू असली तरी नाही, हेही मला पक्कं ठाऊक होतं. वडिलांनी सही केली.

२०१९ मध्ये सुनीता बोईसरला माती तपासणीच्या एका लॅबमध्ये लागली. पगार अकरा हजार, हप्ता साडेसहा. तिचा फोन आला. तक्रार अशी नव्हतीच. “सर, एवढ्यात तुम्ही कसं भागवलं? माझं काय चुकतंय तेच कळत नाही.” मला लाज वाटली. आणि लाज वाटत असतानाच मी वर्गातल्या आवाजात म्हणालो, काटकसर कर, मीही तेच केलं.

महिन्याभराने तिचे वडील बाजारात भेटले. माझा हात धरून कौतुकाने सांगायला लागले, “पोर तुमचंच ऐकते, सर. दुपारची जेवत नाय आता.”

“चांगलं आहे,” मी म्हणालो.