तोच कुकर

भांड्यांच्या दुकानात माझ्या शेजारी एक बाई कुकर घेत होती. मनगटापासून कोपरापर्यंत तिचा हात भाजलेला होता आणि त्यावरची नवी कातडी अजून गुलाबी होती. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीचा कुकर पुढे केला, तो तिने बाजूला सारला.

"तोच द्या. आईने रुखवतात तोच ठेवला होता."

"अहो ताई, त्याचंच झाकण उडालं ना?"

"त्याचा काय दोष? मीच घाईत नीट लावलं नसेल."

कंपनीकडे तक्रार केली होती, पण कोणी फिरकलं नाही, हेही तिनेच सांगितलं. वर म्हणाली, "एवढा मोठा कारभार, कुणाकुणाकडे बघतील ते?"

मला राग आला, पण नेमका कोणावर, ते कळेना. ज्याच्यावर माया बसते त्याला आपण दोष देत नाही, तो दोष मुकाट्याने स्वतःकडे घेतो. आणि त्याला तर आपलं नावही ठाऊक नसतं.

तिने पैसे दिले, खोका छातीशी धरला. बाजारात गर्दी होती. कुणाचा धक्का लागून खोक्याला पोचा पडू नये, म्हणून तिने हात आडवा धरला.

भाजलेला हात.