पाल शिरू नये म्हणून

सिरसाळ्याच्या बसस्टँडमागे पंडितचं विहिरीवरच्या मोटारीचे स्टार्टर दुरुस्त करायचं दुकान होतं. होतं, असंच म्हणायचं आता. आईबापानं जन्मभर ऊस तोडला, ह्यानं लग्नानंतर सहा हंगाम तोडला आणि फडावरच एका रेडिओवाल्याकडून सोल्डरिंग शिकून घेतलं. दुकान उघडलं त्या दिवशी दोघांचेही कोयते माळ्यावर फेकले आणि बायकोला, वत्सलाबाईला, म्हणाला, "आता हे आपुन मेल्यावर बी खाली काढायचे न्हाईत." वीस वर्षं शब्द पाळला.

मग मोबाईलवरून मोटार चालू करणारे परदेशी स्टार्टर आले आणि सगळ्यांनी बसवले. एका जानेवारीत, गहू ओंबीवर असताना, तिकडच्या कंपनीनं गाशा गुंडाळला, सर्व्हर बंद केला, आणि इकडे एका सकाळी चारशे मोटारी मुक्या झाल्या. पंडित आठ दिवस बांधाबांधानं फिरला. एकेक पेटी उघडून तारा वळवल्या, मोटारी हातानं सुरू करून दिल्या.

ही गोष्ट कॉलेजातल्या अभिमन्यू सरांच्या कानावर गेली. तीन कॉलेजं आणि पुण्याची एक प्रयोगशाळा मिळून तसल्या स्टार्टरचा देशी बोर्ड बनवणार होती, सर्व्हरही इथलाच. सर दुकानात आले आणि कोपऱ्यातल्या तीन गोण्या बघून उभेच राहिले. आत वर्षानुवर्षांचे जळके बोर्ड, प्रत्येकाला चिठ्ठी: गाव, बोअर की विहीर, कशानं मेला.

"मामा, हे कशाला जपलंय?"

"मेलेलं कावून मेलं, हे कळाय नको का?"

निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांवर एकच शब्द होता. पाल. उबेला म्हणून पाल पेटीत शिरते, दोन तारांना चिकटते, स्वतः मरते आणि बोर्डालाही मारते. पंडितनं निक्षून सांगितलं, "सर, बाकी काय बी करा, पाल आत शिरली न्हाई पायजे."

गोण्या कॉलेजात गेल्या. चौदा महिने पंडितही जात राहिला, पोरांना कुठे काय जळतं ते दाखवत राहिला. सर म्हणाले होते, "बोर्ड आला की दुरुस्ती केंद्र तुमचंच, मामा." ह्यानं लगेच पाटी रंगवून घेतली आणि हातातली कामं दुसऱ्यांकडे धाडली.

"कागदावर घ्या की लिहून," वत्सलाबाई म्हणाली.

"सर काय परकं माणूस हाय का?"

"परकं असतं तर मागितला असता तुमी कागद."

बाई बरोबर बोलत होती. पण गळ्यात कॉलेजच्या ओळखपत्राची दोरी पडल्यापासून पंडितला घरातलं ऐकू येईनासं झालं होतं.

उद्घाटन शिवशंकररावांच्या शेतात झालं. शंभर एकरांचे मालक, शिवाय पुढारी, मंडप त्यांचाच. पंडितनं नवा बोर्ड हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. काळं रसायन ओतून सगळं दगडासारखं घट्ट केलेलं.

"सर, स्क्रू कुठं हायत?"

"स्क्रू नाहीतच. तुम्हीच सांगितलं ना, पाल शिरू नये? आता मुंगीसुद्धा शिरणार नाही."

"अन् बिघडला तर?"

"फेकायचा, नवा बसवायचा."

"मग माझं केंद्र?"

सर थोडे गोंधळले. तसे वाईट नव्हते. ती गोष्ट त्यांच्या डोक्यातून निघूनच गेली होती. शिवशंकररावांनी मात्र पंडितच्या पाठीवर थाप मारली. "लई भारी केलंस बे, पंड्या! सवताच्या हातानं सवताचंच दुकान बंद केलंस!" मंडप हसला. मग ह्याला शाल दिली आणि फोटोसाठी बटण दाबायला लावलं. मोटार पहिल्या झटक्यात सुरू झाली. बोर्ड चांगलाच होता. तेच तर वाईट होतं.

वर्षभरात सगळ्यांनी तो बसवला. एकदा एक बंद पडलेला हाती आला, तर पंडितनं सुरी तापवून दोन दिवस खरवडला. रसायनाबरोबर आतले भागही तुटून आले. दुसऱ्या दसऱ्याला वत्सलाबाईनं माळ्यावरून कोयते काढले आणि धारेला लावले.

सांगलीकडे ज्या फडावर ह्यांची ऊसतोडीची टोळी उतरली, तिथल्या विहिरीवर तोच काळा बोर्ड होता. पंडित जवळ गेला, बोटानं चाचपू लागला.

"ए, हात लावू नको!" मालक ओरडला. "तुला काय कळतंय त्यातलं?"

वत्सलाबाईला राहवलं नाही. "ह्यांनीच शिकवलंय त्या कॉलेजवाल्यांस्नी! ह्यांच्या तीन गोण्या नेल्यात!"

मालकानं मुकादमाकडे पाहिलं. मुकादम गहिनीनाथ खो खो हसला, मग टोळी हसली, बायकासुद्धा. पंडित बायकोवरच खेकसला, "गप ना! कोण इचारतंय तुला?"

ती मोळी बांधायला वळली. पण नाव पडायचं ते पडलं. त्या हंगामात त्याला पंडित म्हणून कुणी हाक मारली नाही.

"ए शास्त्रज्ञ," गहिनीनाथ गाडीवरून ओरडायचा, "मोळी उचल!"

आणि पंडित उचलायचा.