मधुकरजींचा दुसरा आवाज

ऐकाल तर म्हणाल, ही बाई कॉलेजात फिजिक्स शिकवते तरी कशी! पण झालं खरं. चहा घ्या, सांगते.

आमच्या जबलपूरच्या मराठी मंडळात मधुकरजी येणार होते. स्वतः लिहायचं, स्वतः चाल लावायची, स्वतः गायचं, असं चाळीस वर्षं करून राहिलेला माणूस! आणि त्यांची मुलाखत घेणार कोण? मी!

मी तयारीला लागले. मोबाईलवर त्यांचे सगळे अल्बम ओळीने ऐकले. फक्त पहिला कुठे मिळेना. शेवटी ओमती बाजारातल्या एका जुन्या दुकानात त्याची कॅसेट सापडली. कपाटावरून सासऱ्यांचा टेपरेकॉर्डर उतरवला, धूळ पुसली, बटन दाबलं.

आणि मी चाट! मोबाईलवरचा आवाज कसा? पातळ, चपळ. आणि हा? खोल विहिरीतून यावा तसा, भारी, संथ. छे, हा माणूसच वेगळा!

झोप उडाली हो माझी. पहिला अल्बम दुसऱ्याच कुणी गायला? कोण तो? कुठे गेला?

मंडळाच्या सचिव कुंदाताईंना फोन करून सगळं सांगितलं. "कुणाला बोलू नका हं."

"मी काहून बोलू?" कुंदाताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आमच्या जबलपुरातल्याच गोरखपूर बाजारात भाजीवाला मला विचारतो, "दीदी, सुना है पहला कैसेट किसी और ने गाया था?" संध्याकाळी जवळच्या पनागर गावाहून एकाचा फोन! "मैडम जी, वो असली गायक हमारे चाचा थे." मी म्हटलं, "अच्छा?" आणि नाव लिहूनसुद्धा घेतलं!

कार्यक्रमाच्या दिवशी मधुकरजी आमच्याकडे जेवायला. पंचाहत्तरीचा साधा माणूस. वरणभात कालवता कालवता म्हणाले, "स्टेशनवर घ्यायला आलेल्या पोराने विचारलं, तुमच्या पहिल्या कॅसेटवर कोण गायलं होतं? हे कुठून निघालं हो?"

आमच्या यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पापडाकडे.

"मी... मीच म्हटलं होतं," मी म्हणाले. "आवाज वेगळा वाटला म्हणून."

त्यांचा हात थांबला. "त्या कॅसेटसाठी मी नोकरी सोडली होती, ताई. वडील दोन वर्षं बोलले नाहीत माझ्याशी. आणि ती मी गायलो नाही?"

मी उठून कॅसेट आणली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

"ऐकवा," ते म्हणाले.

लावली कॅसेट. ते डोळे मिटून ऐकत राहिले. एक कडवं झालं, दुसरं झालं. मग म्हणाले, "दुसरी एखादी कॅसेट आहे घरात?"

घरात एकच होती, आमच्या लग्नाची. पंचवीस वर्षांत कधी लावलीच नव्हती. लावली. भटजींची मंगलाष्टकं म्हणजे म्हैस हंबरून राहिली! मग माझा उखाणा आला. अहो, माझा! कुणी जाडा हवालदार लाजत लाजत नवऱ्याचं नाव घेऊन राहिला होता.

हे सोफ्यावर आडवे झाले हसून. मधुकरजींनी डोळे पुसले आणि म्हणाले, "ताई, आत रबराचा पट्टा असतो. तो सैल झालाय. मशीन हळू फिरलं की आवाज उतरतो."

वेग कमी, कंपनं कमी, आवाज खाली. दर वर्षी फळ्यावर आकृती काढून हेच तर शिकवते मी!

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "थांबा. पहिलं गाणं परत लावा. त्याच मशीनवर."

परत तेच खोल, रेंगाळणारं गाणं. "स्टुडिओ एकच दिवस मिळाला होता," ते हळूच म्हणाले. "आठ गाणी उरकायची होती. पळत पळत गायलो सगळं. हे गाणं असंच संथ हवं होतं मला. चाळीस वर्षांत परत गायचं सुचलं नाही बघा."

संध्याकाळी भर मंचावर मी सगळं कबूल केलं. न करून काय करते? लोक हसले, कुंदाताई सगळ्यात जोरात! मग मधुकरजींनी ते गाणं संथ लयीत गायलं आणि लोकांनी परत गायला लावलं.

दोन महिन्यांनी त्यांनी तेच गाणं नव्याने रेकॉर्ड केलं आणि मला मोबाईलवर पाठवलं. खाली चार ओळी लिहिलेल्या. मी धावतच यांच्याकडे गेले. "बघा, बघा! जबलपूरचे विशेष आभार मानलेत!"

यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं आणि मोबाईल परत दिला.

"जबलपूरच्या टेपरेकॉर्डरचे मानलेत," म्हणाले. "तुझं नाव नाही."