सही नसेल तर धुकं

पोलिसांच्या गाडीच्या मागच्या सीटवर चार महिने काढले, की किस्से रस्त्याच्या धुळीसारखे अंगावर बसतात. झटकावे तेवढे झटकतो, पण चहाच्या टपरीवर कुणी नुसतं "काय मग, टीव्हीवाले!" म्हटलं की एखादा बाहेर पडतोच. मित्र हसतात. मीही हसतो, पण पहिल्यासारखं नाही.

माझा धंदा शहाद्यात लग्नाच्या शूटिंगचा. ट्रॅफिक पोलिसांच्या मागे कॅमेरा घेऊन फिरणारा एक शो आमच्या नंदुरबार जिल्ह्यात आला, तेव्हा 'लोकल माणूस' म्हणून मला घेतलं. काम एकच. जो कॅमेऱ्यात सापडला, त्याची संमतीच्या कागदावर सही किंवा अंगठा घ्यायचा. दिला तर टीव्हीवर त्याचा चेहरा दिसणार, नाही दिला तर ब्लर. आमच्यासोबतचे वसावे हवालदार त्या ब्लरला 'धुकं' म्हणायचे. मग आम्ही सगळेच धुकं म्हणायला लागलो.

*

पहिल्याच दिवशी प्रकाशा गावाजवळच्या तापीच्या पुलावर एका मोटरसायकलवर नवरा, बायको आणि लेकरू. देवदर्शन करून निघालेले, हेल्मेट नाही. वसावेंनी अडवलं, दहा मिनिटं समजावलं, दंडही केला. आमचे दिग्दर्शक देवेन सर मुंबईचे. ते म्हणाले, "छान! आता मागे जा आणि पुन्हा या. पुलाचा शॉट हवाय."

माणूस मागे गेला आणि परत आला तो हेल्मेट घालून! मंदिराजवळ कुणा ओळखीच्याचं मागून आणलं होतं. देवेन सर भडकले, "काढा ते! आधीच्या शॉटशी जुळत नाही!"

तो म्हणाला, "साहेब, आते घालू का काढू? एक काय ते सांगा ना!"

वसावेंनी कपाळाला हात लावला. "सर, इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा कुणी माझं ऐकलं, तेही तुम्हाला बघवेना!"

हेल्मेट काढावंच लागलं.

*

शहाद्यातले एक कापड दुकानदार. घराणं मूळचं राजस्थानचं, पण तीन पिढ्या इथेच गेलेल्या, बोलणं आमच्याहून अस्सल अहिराणी. स्कूटर चालवता चालवता मोबाइलवर बोलताना सापडले. मी कागद पुढे केला तर हातच जोडले. "भाऊ, मन्ही पोरनी सोयरीक चालू शे. तोंड नका दखाडू!"

नाही दाखवलं. तोंडावर धुकं, आणि पायाशी ठेवलेल्या पिशवीवर दुकानाचं नाव ठळक अक्षरांत!

आठवड्याने शेठ माझ्या स्टुडिओत. मुलाकडच्यांनी विचारलं होतं, "नुसतं मोबाइलचं होतं तर तोंड कशाला झाकलं? नक्की केलं काय?" शेवटी दंडाची पावती घेऊन ते होणाऱ्या व्याह्यांच्या घरी गेले आणि दिवाणखान्यात सगळ्यांना फिरवून दाखवली. सोयरीक टिकली. माझ्याकडे लग्नाचं शूटिंग मात्र आलं नाही.

*

म्हसावदला एका म्हाताऱ्या ट्रॅक्टरवाल्याने वसावेंचे पाय धरले. वसावे कासावीस झाले. त्यांनी त्याला उठवलं, बाजूच्या हॉटेलात नेऊन चहा पाजला आणि ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर स्वतः चिकटवून दिला. टीव्हीवर काय आलं? पाय धरले तेवढंच! वर ढोलाचं पार्श्वसंगीत.

पुढे एकदा वसावे गाडीत म्हणाले, "गावी गेलो होतो. आधी मला बघून लोक खाटेवर जागा करायचे. आता उभे राहतात."

त्या दिवशी गाडीत कुणी गाणी लावली नाहीत.

*

एका अपघाताच्या जागी आम्ही ॲम्ब्युलन्सच्या आधी पोहोचलो. रस्त्याच्या कडेला एक बाई नवऱ्याची एक चप्पल मांडीवर घेऊन बसली होती. देवेन सर माझ्या कानात म्हणाले, "सही घे. रडायला लागायच्या आत."

मी गेलो नाही. कागदावर 'सही नाकारली' असं मीच लिहिलं. चार महिन्यांत मला लाज न वाटलेली ती एकच गोष्ट.

*

आणि सातपुड्यातलं मोलगी गाव.

बाजाराचा दिवस. जीपच्या आत माणसं, टपावर माणसं, मागच्या शिडीला लटकलेली माणसं. वसावेंनी जीप थांबवली आणि ते त्या लोकांच्याच भिली बोलीत ओरडले. लटकलेले उतरायला लागले.

देवेन सर म्हणाले, "आत्ता नको! चालत्या गाडीला लटकलेले हवेत. थोडं पुढे जाऊ द्या, तिथे थांबवू."

टीव्हीवाल्यांना सहकार्य करा, असा वरून निरोप होता. वसावेंनी माझ्याकडे पाहिलं आणि जीपला पुढे जायचा हात केला. माणसं पुन्हा चढली. शिडीवर एक विशीतला तरुण, गळ्यात नवा कोरा रुमाल, कॅमेऱ्यात बघून तोंडभर हसला. मी कागद घेऊन मागे धावलो, "अरे, अंगठा राहिला!"

"पुढे देतो!" तो ओरडला.

दुसऱ्या वळणावर जीप उलटली. बाकीचे वाचले. तो गेला.

शॉट टीव्हीवर आला. अपघाताचा उल्लेख नाही, चेहऱ्यावर धुकं.

महिन्याभराने त्याचे वडील शहाद्याला आले. अर्धी वाट चालत, अर्धी जीपने. सोबत वसावे, साध्या कपड्यांत. म्हातारबा बोलत होते, वसावे मान खाली घालून मला मराठीत सांगत होते.

"म्हणतात, पोराचा मोबाइल त्याच्यासोबतच फुटला. आधार कार्डावर फोटो आहे, पण त्यात तो हसत नाही. टीव्हीत हसला होता, असं गाडीतले सांगतात. म्हणतात, अंगठा मी देतो. धुकं काढा."

मी बाहेर जाऊन देवेन सरांना फोन लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, "तुला सांगायचंच होतं. वकिलांनी तो शॉट ठेवूच नका म्हणून सांगितलं होतं. सकाळीच सगळीकडून पुसून टाकला. मूळ फुटेजसुद्धा."

आत आलो. वसावेंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ते समजले. म्हातारबांनी टेबलावरचा शाईचा पॅड स्वतःच उघडला होता. निळा अंगठा वर धरून त्यांनी वसावेंना काहीतरी विचारलं.

"कुठे लावू, विचारतात," वसावे म्हणाले.

वसावेंनी माझ्या ड्रॉवरमधून एक कोरा फॉर्म काढला, म्हातारबांपुढे सरळ केला आणि जागेवर बोट ठेवलं.