शनिवारची शिकवणी

मी कोल्हापुरात मुलींच्या शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवत होते, त्या वर्षी कोर्टाने मलाच शिकवणीला पाठवलं. मला आणि माझ्या नवऱ्याला. सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. आमचा घटस्फोटाचा दावा चालू होता आणि सात वर्षांची मुलगी कुणाकडे राहणार यावरून आम्ही एकमेकांचे लचके तोडत होतो. नवऱ्याला तेव्हा चारचौघांत मी 'ते' म्हणायची. आता जमत नाही. इथे 'तो'च लिहिते.

त्याला माझी नोकरी नको होती, मला त्याचा आवाज नको होता. तो आजऱ्याकडच्या शेतकरी घरातला, बोलायला लागला की गल्लीभर ऐकू जायचं. मीही काही गरीब गाय नव्हते. एकदा वाढलेलं ताट मी त्याच्या अंगावर भिरकावलं होतं, आमटीभातासकट. त्यानंतर महिन्याभरात मी मुलीला घेऊन मंगळवार पेठेत वेगळी खोली केली आणि तो नोकरीत बदली घेऊन जवळच्या बिद्री गावी गेला.

निकाल लागेपर्यंत मुलगी माझ्याकडे आणि रविवारी दिवसभर त्याच्याकडे, असं ठरलं. सकाळी नऊला तो तिला एसटी स्टँडवरून न्यायचा, कोल्हापुरातच आपल्या भावाच्या घरी ठेवायचा आणि पाचला परत स्टँडवर आणून सोडायचा. त्या दोन भेटींत आमचं असं जुंपायचं की लोक सामान खाली ठेवून बघत उभे राहत. मुलगी मधे, एका हातात तिची पिशवी.

एका तारखेला आम्ही कोर्टातच सुरू झालो. जज्जसाहेबांनी पेन खाली ठेवलं.

"निकाल मी देईन हो. पण त्यानंतरही तुम्ही दोघं तिचे आईबाप राहणार. त्याचं काय करू?"

मग त्यांनी एका निवृत्त मुख्याध्यापिकेचा पत्ता लिहून दिला. सहा शनिवार दोघांनी तिथे जायचं, मगच पुढची तारीख. मला भयंकर अपमान वाटला. मुलांना कसं वागवावं हे मला कुणी शिकवायचं?

बाईंचं घर शिवाजी पेठेत. बाहेरच्या खोलीत एक बाक होतं. त्यावर त्यांनी आम्हाला शेजारी शेजारी बसवलं. मी एका टोकाला, तो दुसऱ्या टोकाला.

"लग्न जोडून द्यायला मी बसलेली नाही," बाई म्हणाल्या. "ते मोडलंय, मोडू दे. पोरीपुढं कसं बोलायचं तेवढं शिकायचंय."

"मला बोलाय येतंय की," तो म्हणाला.

"येतंय ते गल्लीला माहीत आहे."

मला हसू आलं. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की ते तिथेच गिळलं.

पहिल्या दिवशी त्यांनी कागद दिला आणि मुलीबद्दल दहा ओळी लिहायला सांगितलं. मी भराभर लिहिलं. बाईंनी तांबडी पेन्सिल घेतली आणि ज्या ज्या ओळीत तो होता ती ती ओळ खोडली. 'बापामुळे ती घाबरट झाली आहे.' खोडली. 'बापाकडून आली की अभ्यास करत नाही.' खोडली. शेवटी दोन ओळी उरल्या, एक तिच्या वर्गाची आणि एक तिच्या लांब केसांची. त्याच्या कागदावर एकच उरली. मला त्यातही आपण जिंकल्यासारखं वाटलं.

दुसरा आणि तिसरा शनिवार असाच वाया गेला. स्टँडवर तीनच गोष्टी बोलायच्या, असं बाईंनी घोकून घेतलं: जेवली का, बरी आहे का, अभ्यास काय राहिलाय. चौथं वाक्य नाही. आम्ही त्या तीनमध्येही विष कालवलं. "जेवली का" हेच मी अशा सुरात विचारायची की त्याच्या कपाळाची शीर उठायची.

त्यात मुलगी दर रविवारी संध्याकाळी उलट्या करायला लागली. डॉक्टर म्हणाले, पोर जास्त खाते. मी त्यांच्यावरच चिडले. चौथ्या शनिवारी बाकावर बसायच्या आधीच मी तोंड सोडलं.

"शिळंपाकं घालतात माझ्या मुलीला! मारून टाकायचंय का तिला?"

"आणि तू? उपाशी धाडतीस तिला! आल्या आल्या खायला मागती पोरगी. घरात मिळत न्हाय म्हणूनच की!"

बाईंनी दोघांनाही बोलू दिलं. मग म्हणाल्या, "पुढच्या खेपेला तिला घेऊन या."

पाचव्या शनिवारी मी मुलीला नेलं. बाईंनी आम्हा दोघांना स्वयंपाकघरात पाठवलं आणि दार नुसतं लोटून घेतलं. ऐकू यावं म्हणूनच. ती खोली जेमतेम दोन माणसांची. तो स्टोव्हपाशी उभा, मी मोरीपाशी. दीड वर्षात आम्ही इतक्या जवळ उभे राहिलो नव्हतो. त्याच्या शर्टाचा वास येऊ नये म्हणून मी तोंड मोरीकडे केलं.

बाहेर बाईंनी विचारलं, "रविवारी काकांकडे जेवतेस का गं?"

"न्हाय," मुलगी म्हणाली. मग थांबून, "नाही." बाईंच्या घरी आईची भाषा बोलायची की बाबांची, हे तिला कळेना. दोन भाषा ती कधी शिकली, मला पत्ता नव्हता.

"खरं सांग. मी कुणाला रागावू देणार नाही."

"जेवते. चुलती मटण करते. आई विचारते तेव्हा सांगते, काही दिलं नाही. मग आई खूश होते आणि वाढते. मग मी परत जेवते."

"आणि सकाळी?"

"सकाळी आई पोटभर घालून पाठवते. बाबा विचारतात, काय खाल्लंस, तर म्हणते, कायबी न्हाय. मग बाबा लाड करतात. भजी घेतात."

"पोट दुखत नाही?"

"दुखतं. पण जेवायला नको म्हटलं की भांडण होतं."

खोलीत रॉकेलचा वास होता. मी मोरीच्या कठड्यावर बसले. तो हळू आवाजात म्हणाला, त्याचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला, "ऐकलंस?"

"तुम्हीच ऐका," मी म्हणाले. त्याही क्षणी माझ्या तोंडून तेवढंच निघालं. 'आई खूश होते' हे मला कुणी कोर्टात म्हटलं असतं तर मी फाडून खाल्लं असतं. खरं होतं ते. ती उपाशी आली की मला बरं वाटायचं.

बाईंनी दार उघडलं. उपदेश केला नाही. एवढंच म्हणाल्या, "पोर आजारी नाही. दोन घरं सांभाळतेय."

दुसऱ्या दिवशी स्टँडवर मी विचारलं, "जेवली का?" माझ्या परीने साध्या सुरात.

"जेवली. मटणभात," तो म्हणाला. "पाढा ऱ्हायलाय आठाचा."

"बरं."

घरी आल्यावर मुलीने सवयीने सांगितलं, मला काही दिलं नाही. मी म्हणाले, मटणभात दिला की. छान केलं. ती माझ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली. सापळा आहे की काय, असं. दोनेक महिने तरी तिचा विश्वास बसला नाही. उलट्या मात्र त्याआधीच थांबल्या.

आमचं पुढे काही गोड झालं नाही. सहाव्या शनिवारी आम्ही दोघांनी गप्प बसून तास काढला. घटस्फोट झाला, मुलगी माझ्याकडे राहिली. रविवार तिच्या कॉलेजापर्यंत चालू होते आणि त्या सगळ्या वर्षांत मी त्याच्याशी त्या तीन गोष्टींपलीकडे बोलले नाही. मनातला राग तसाच होता, आजही आहे. फक्त तो मुलीच्या ताटात वाढायचा मी बंद केला. त्यानेही केला असावा.

बाई वारल्याचं कळलं तेव्हा मी साडी बदलून उंबऱ्यापर्यंत गेले आणि परत आले. तिथे तो आला असेल, या एका विचाराने. नंतर मुलीकडून कळलं, तोही गेला नव्हता. का, ते मी विचारलं नाही.