दात तुटला, जोड टिकला

दाताचा एक टवका ताईच्या तळहातावर चमकतोय. माझी ताई दंतवैद्यक शिकते. रुग्णाच्या काढलेल्या दातावर तिने आपल्या नव्या गोंदाने भरण चिकटवलं आणि यंत्राने ते ओढलं. वरच्या कवचाला गोंद पटकन धरतो. आतल्या ओलसर भागावरून तो आजवर निसटतच होता. आजही निसटला असता, तर तिचं संशोधन तिथंच थांबलं असतं.

"तुटलं!" मी हळहळलो.

"अरे वेड्या, दात तुटला. जोड शाबूत आहे!"

मला बाबांबरोबर भिंतींवर लावायचो ती पत्रकं आठवली. पिठाच्या खळीने चिकटवलेलं पत्रक कुणी ओरबाडलं की बाबा हसायचे, "कागद फाटला, खळ सुटली नाही!" चिकाटी म्हणतात ती हीच, ओल्या भिंतीवरही धरणारी.

"दात काय काढतोस?" ताईने दटावलं. पण बत्तिशी तिचीच दिसत होती.